मॅटिंग कोरडं, गाडी ओली

पावसाळ्यात गाडीच्या काचा धुरकटतात, यात नवल काही नाही. चार भिजलेली माणसं आत बसली, दारं लावली, की जरा वेळात समोरचं दिसेनासं होतं. एसी लावायचा, काच मोकळी होते, विषय संपतो. आमच्या गाडीचं दुखणं निराळं होतं. संध्याकाळी काचा स्वच्छ असताना लावून ठेवलेली गाडी सकाळी उघडावी, तर समोरच्या काचेला आतल्या बाजूनं पाणी. नुसती धुरकट नव्हे. बोट टेकवलं की थेंब ओघळून डॅशबोर्डवर यायचा. रात्रभर गाडीत कोणी नाही, म्हणजे कोणाच्या श्वासाची वाफही नाही. मग हे पाणी आलं कुठनं?

आम्ही साताऱ्यात राहतो आणि माझं माहेर बामणोलीच्या बाजूचं. त्यामुळं यवतेश्वरचा घाट चढायचा आणि कासच्या पठारावरनं पलीकडं उतरायचं, हे नेहमीचंच. शहरात पाऊस तसा बेताचा, पण घाट चढलं की सगळंच बदलतं. जुलै-ऑगस्टमध्ये ढग रस्त्यावरच बसलेले असतात. बाहेर धुकं आणि आत पांढरी काच, अशी दोन्ही एकदम आली की काय होतं, ते त्या रस्त्यानं पावसाळ्यात गेलेल्यांना सांगायला नको. त्यात आमची छोट्या इंजिनाची हॅचबॅक. चढाला गाडी ओढत नाही म्हणून बरेच जण घाटात एसी बंद करतात आणि लगेच काच जाते, कारण एसीच्या कूलिंग कॉइलवर साठलेलं पाणी ब्लोअरच्या हवेबरोबर परत आतच येतं. हे ठाऊक असल्यामुळं मी एसी चालूच ठेवायचे. तरी काच जायची.

सल्ल्यांना तोटा नव्हता. अण्णांनी, म्हणजे सासऱ्यांनी, दाढीचा फोम काचेला चोळून कोरड्या फडक्यानं पुसायला सांगितलं. तो उपाय खोटा नाही. साबणाचा पातळ थर राहतो, त्यामुळं पाण्याचे बारीक थेंब न होता ते सपाट पसरतं आणि पलीकडचं दिसतं. पण पाणी असतं तितकंच. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी मोज्यात तांदूळ भरून डॅशबोर्डवर ठेवायला सांगितलं. पावसाळ्यात डब्यातला तांदूळच मुळात सर्दावलेला; तो बिचारा आणखी काय शोषणार? मी कपाटात ठेवायचे ते कॅल्शियम क्लोराइडचे डबे आणून ठेवले. त्यांनी मात्र खरोखर पाणी ओढलं. डब्याच्या तळाशी पाणी साठलेलं बघून घरात सगळ्यांना समाधान वाटलं, मला उलट काळजी लागली. डबा इतक्या लवकर भरतोय, म्हणजे गाडीत कुठंतरी साठा आहे. शिवाय ते खारट पाणी एखाद्या वळणावर सांडलं तर पत्रा गंजणार, ते वेगळंच. डबे काढून टाकले.

ॲक्सेसरीजच्या दुकानातल्या मुलानं तर गाडीकडं बघितलंही नाही. "बीडिंग गेलंय मॅडम, चारी दारांचं बदला," म्हणाला, म्हणजे दारांच्या कडेची रबरी पट्टी, आणि खर्चाचा आकडा सांगितला.

मी बँकेत नोकरी करते. जमा किती आणि खर्च किती, हे जुळल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही. म्हणून आधी हवेचाच हिशोब मांडला. २५ अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवा जास्तीत जास्त २३ ग्रॅम वाफ धरून ठेवते. २० अंशाला ही मर्यादा १७ ग्रॅमच्या आसपास येते. आमच्या गाडीसारख्या हॅचबॅकमध्ये हवा असते तीनेक घनमीटर. म्हणजे २५ अंशाची दमटातली दमट हवा आत कोंडली, तरी सगळ्या हवेत मिळून पाणी ७० ग्रॅमच्या आतच. अर्धी वाटी. पहाटे गाडी २० अंशांपर्यंत निवली, तर त्यातलं १७-१८ ग्रॅम तेवढं बाहेर पडणार, म्हणजे चहाचे तीन-चार चमचे; आणि तेही सगळ्या काचा, छत, पत्रा मिळून. मी सकाळी नुसत्या पुढच्या काचेवरचं पाणी टिपून फडकं पिळायचे, ते त्याहून जास्त भरायचं. हवेत जमा होतं त्यापेक्षा काचेवर खर्च जास्त. म्हणजे रात्रभर कुठनं तरी नवं पाणी हवेत मिसळत होतं.

इथं एक गोष्ट आधीच बाजूला काढलेली बरी, कारण लोक दोन्हींची गल्लत करतात. एसी फार गार करून झोत समोरच्या काचेवर सोडला, तर बाहेरच्या बाजूनंही काच धुरकटते. ती वायपरनं पुसली जाते. तिचा आणि गाडीतल्या पाण्याचा काही संबंध नाही. झोत काचेवरनं वळवला की झालं. वायपर फिरवून फरक पडत नसेल, तर पाणी आत आहे.

ऑनलाइन काही शे रुपयांत तापमान आणि आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर मिळतं. ते मागवलं. पावसानं उघडीप दिली त्या दिवशी दुपारी, गाडी बंद करून उन्हात ठेवली आणि मीटर मागच्या सीटवर. आत ३८ अंश आणि ६२ टक्के. बाहेर सावलीत २७ अंश आणि ७५ टक्के. नुसते टक्के बघितले तर आतली हवा कोरडी वाटते, आणि इथंच माणूस फसतो. टक्केवारी ही त्या तापमानाच्या मानानं असते. गरम हवेची धारणाशक्तीच मोठी, त्यामुळं तिचे ६२ टक्के म्हणजे खूप झाले. तक्ता बघून ग्रॅममध्ये आणलं, तेव्हा बाहेर घनमीटरला १९ ग्रॅम, आत २८च्या वर. रिकामी गाडी, बंद काचा, आणि आत बाहेरच्या दीडपट पाणी.

शेजारच्या काकांकडनं त्यांच्या गाडीची किल्ली मागून घेतली आणि तेच मीटर त्यांच्याही गाडीत ठेवलं. तुलना हवीच, कारण कापडी सीट आणि छताचं कापडही उन्हात थोडा दमटपणा सोडतं. त्यांच्या गाडीत आकडा २३ निघाला. बाहेरपेक्षा जास्त, पण आमच्यापेक्षा बराच कमी. आता मला कोणी "पावसाळ्यात असंच होतं" म्हणालं, की दाखवायला कागद होता.

मग एकेक संशयित. पायाखालच्या रबरी मॅट, छत्र्या, डिकीतला रेनकोट, सीटच्या मागच्या खिशात महिनोन्‌महिने राहिलेला नॅपकिन, सगळं घरात आणलं. फरक नाही. डिकीतला तळाचा पुठ्ठा उचलून स्टेपनीची खोलगट जागा बघितली. मागच्या दिव्यांच्या गॅस्केटमधनं किंवा डिकीच्या बीडिंगमधनं पाणी आलं, तर ते तिथं साठतं आणि वरनं कळतही नाही. तिथं धूळ होती, कोरडी. कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या, बाटलीवर मार्करनं रेघ मारून ठेवली. डॅशबोर्डच्या आत हीटरची छोटी कॉइल असते, तिच्यात इंजिनाचं गरम कूलंट फिरतं. ती गळायला लागली तर काचेवर चिकट, तेलकट थर येतो, गोडसर वास येतो आणि बाटलीतली पातळी उतरते. पातळी रेघेवरच राहिली आणि काचेवरचं पाणी चिकट नव्हतं. एसी चालू करून गाडीखाली वाकून बघितलं: ड्रेन पाइपमधनं धार पडत होती. तो पाइप तुंबला की कॉइलचं पाणी डाव्या बाजूच्या पायाशी उतरतं, ही नेहमी सापडणारी तक्रार. पण आमचा पाइप मोकळा होता.

राहता राहिलं कार्पेट. वरनं हात फिरवला तर खडखडीत. पण गाडी घेतानाच आम्ही कार्पेटवर रेक्झिनचं मॅटिंग मारून घेतलं होतं, सगळे घेतात तसं. चिखल पुसायला बरं पडतं. मी हात फिरवत होते तो त्या मॅटिंगवर. डाव्या पुढच्या दाराच्या उंबऱ्याची प्लास्टिकची पट्टी ओढून काढली, मॅटिंगची कड उचलली आणि खाली बोटं घातली. कार्पेटखाली पत्र्यावर बोटभर जाडीचा फोम आणि नमदा असतो, आवाज दाबायला. तो दाबला तेव्हा नखांच्या भोवती पाणी वर आलं. करडं, थंड, मातीचा वास असलेलं. कूलंटचा रंग नाही, गोडवा नाही. पावसाचं पाणी.

साठा सापडला. आता त्याची वाट.

मॅटिंग पूर्ण सोडवून चारही जागी फोमखाली वर्तमानपत्राच्या घड्या सरकवल्या आणि पावसाची एक रात्र जाऊ दिली. सकाळी डावीकडची पुढची घडी लगदा झालेली, तिच्या मागची ओली, उजवीकडच्या दोन्ही जवळपास कोरड्या. म्हणजे गळती डावीकडनं पुढून, असं कोणीही म्हणेल. पण आमची गल्ली अजिंक्यतारा किल्ल्याच्या पायथ्याकडनं उतरत येते आणि गाडी नाक खाली करून, रस्त्याच्या कडेकडं कललेली उभी असते. पाणी कुठूनही शिरलं असतं तरी पुढं डावीकडंच जमलं असतं. म्हणून पुढच्या पावसाळी रात्री गाडी उलटी, नाक वर करून लावली. सकाळी डावीकडची मागची घडी जास्त भिजलेली आणि पुढची कमी. घड्या कुठं भिजल्या यावरनं रस्त्याचा उतार तेवढा कळला. पाणी कुठनं शिरतं, ते अजून कळायचंच होतं.

खरा धागा दुसऱ्याच गोष्टीनं दिला. काच धुरकटली की हवा आतल्या आत फिरवू नका, बाहेरची हवा घ्या, हा सगळीकडं दिला जाणारा आणि बरोबर सल्ला. आतली हवा प्रवाशांच्या श्वासानं दमट होत जाते. बाहेरची ताजी हवा एसीच्या कॉइलवर सुकून आत आली की काच मोकळी होते. आमच्या गाडीत उलटं व्हायचं. रात्री पाऊस झाला असेल आणि सकाळी बाहेरच्या हवेचं बटण ठेवून ब्लोअर सुरू केला, की पहिल्याच झोतात काच पांढरीफटक. वर कुजलेल्या पाल्याचा वास. तेच आतली हवा फिरवली तर धुरकटपणा कमी. हे मी बऱ्याच वेळा करून बघितलं, कारण माझाच विश्वास बसेना. बाहेरची हवा आत येण्याच्या वाटेवरच काहीतरी ओलं होतं.

एवढं घेऊन मी आमच्या नेहमीच्या मिस्त्रींकडं गेले. वय झालेले आहेत, गॅरेज लहान आहे, लॅपटॉप लावून कोड वाचणाऱ्यांतले नव्हेत. मी मीटर, ग्रॅम, वर्तमानपत्रं सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ताई, गाडी लावताय कुठं?"

"घरासमोर. झाडाखाली."

"कसलं झाड?"

"गुलमोहर."

"मग झालं की," म्हणाले. "पण आधी पाणी मारून बघू. नुस्तं बोलून उपेग न्हाई."

गुलमोहराचं आणि साताऱ्याचं जरा जास्तच आहे. इथं १ मेला गुलमोहर दिन साजरा होतो, रस्त्याकडेला झाडंही भरपूर, आणि एप्रिल-मेमध्ये गाडी सावलीत राहावी म्हणून आम्ही सगळे त्यांच्याच खाली जागा धरतो. फुलं बॉनेटवर पडतात ती दिसतात, झाडून टाकता येतात. पानं मात्र फसवी. मोठं पान हातभर लांब, पण ते असंख्य चिमुकल्या पर्णिकांचं बनलेलं. त्या गळायला लागल्या की भुरभुरत येतात आणि कुठल्याही फटीतनं आत जातात. चिंचेचंही तेच.

पाणी मारायची मिस्त्रींची पद्धत मला आवडली. वॉशिंग सेंटरचा प्रेशर पंप नको म्हणाले. त्या दाबानं पाणी कुठंही घुसतं, चांगल्या बीडिंगमधनंही. साधी बागेची नळी, आणि सुरुवात खालून. वरून सुरू केलं तर पाणी सगळीकडनंच ओघळतं आणि कुठनं शिरलं ते कळत नाही. माझ्या मुलाला मोबाइलची बॅटरी घेऊन आत बसवलं. डावीकडच्या दारांच्या आतल्या कडांना मिस्त्रींनी टाल्कम पावडर भुरभुरली, पाणी आलं तर पावडरीत ओघळाची रेघ उठते. आधी उंबरा, मग दाराची खालची कड, मग हँडल, मग काचेची पट्टी. दरवेळी थांबून, आतून "नाही" असं उत्तर आल्यावरच पुढं.

दारावर पाणी मारताना त्यांनी सांगितलेली एक गोष्ट मला माहीत नव्हती. दाराच्या पोकळीत पावसाचं पाणी जातच असतं. काच खाली-वर होते त्या रबरी पट्टीतनं ते उतरतं आणि दाराच्या तळाशी असलेल्या छोट्या भोकांतनं बाहेर पडतं. पोकळी आणि आतलं प्लास्टिकचं पॅनल यांच्यामध्ये काळ्या चिकट डिंकानं लावलेला प्लास्टिकचा कागद असतो, तो पाणी आत येऊ देत नाही. स्पीकर बसवताना किंवा काचेची मोटर बदलताना तो कागद फाडला, नाहीतर नीट चिकटवला नाही, तर दारातनं पाणी थेट कार्पेटवर. "निम्म्या गाड्यांत हेच घावतंय," मिस्त्री म्हणाले. आमच्या दाराच्या तळातली भोकं तारेनं टोकून बघितली, मोकळी होती. पावडर कोरडी होती. दारं निर्दोष सुटली आणि बीडिंगचा खर्चही वाचला.

मग नळी समोरच्या काचेच्या पायथ्याशी, वायपरखालच्या काळ्या जाळीवर धरली. काचेवरनं ओघळणारं सगळं पाणी त्या जाळीतनं खालच्या पत्र्याच्या पन्हाळीत जातं आणि दोन्ही टोकांच्या नळ्यांमधनं पुढच्या चाकांच्या मागं जमिनीवर पडतं. ब्लोअर बाहेरची हवा ओढतो तोही त्याच पन्हाळीतनं. हवेच्या तोंडाला पत्र्याचा उंच काठ असतो, म्हणून पाणी खाली राहतं आणि हवा वरनं जाते. उजव्या चाकामागं लगेच धार सुरू झाली. डाव्या चाकामागं काहीच नाही. मिस्त्री खाली वाकून डाव्या चाकाकडं बघत नळी तशीच धरून उभे राहिले. आतून मुलाचा आवाज आला, "आई, गळायला लागलं!"

मी दुसऱ्या बाजूनं डोकं घातलं. ग्लोव्ह बॉक्स काढून ठेवलेला होता, त्यामुळं मागचा ब्लोअरचा काळा डबा दिसत होता. डब्याच्या दोन भागांच्या सांध्याला एक थेंब लोंबत होता. तो सरळ खाली पडत नव्हता. शेजारनं जाणाऱ्या वायरींच्या जुडग्यावर उतरायचा, त्यावरनं घसरत इंजिनाकडच्या पत्र्याला लावलेल्या नमद्याच्या मागं जायचा आणि दिसेनासा व्हायचा. लगेच दुसरा. कार्पेटच्या वरच्या बाजूला त्यातला एक थेंबही कधी आला नव्हता, येणार नव्हता. डब्यातला एसी फिल्टर ओढून काढला तर त्याची खालची कड काळी, बुळबुळीत आणि पाण्यानं फुगलेली. सकाळचा तो पांढराफटक झोत या ओल्या फिल्टरमधनं आणि तुंबलेल्या पन्हाळीवरनं येत होता.

वायपरचे हात आणि जाळी काढायला फार वेळ लागला नाही. प्लास्टिकच्या क्लिपा तेवढ्या जपून काढाव्या लागतात, जुन्या झाल्या की तुटतात. खाली डाव्या कोपऱ्यात गुलमोहराच्या पर्णिकांचं अक्षरशः खत झालेलं होतं. वरचा थर पिवळा, ओळखू येणारा, आणि खालचा काळा, चहाच्या चोथ्यासारखा दाबून बसलेला. मिस्त्रींनी तो हातानंच उपसला. नळीच्या खालच्या टोकाला रबराची चपटी चोच असते, पाणी बाहेर जावं पण धूळ आणि किडे वर येऊ नयेत म्हणून. तिचे दोन्ही ओठ चिखलानं चिकटले होते. त्यांनी ती बोटांनी चोळून उघडली, आणि साठलेलं पाणी त्यांच्या मनगटावरनं कोपरापर्यंत गेलं. "हे बगा," एवढंच म्हणाले.

रस्त्याच्या कडेकडं कललेली गाडी, डावीकडची नळी बंद, त्यामुळं जोराच्या पावसात पन्हाळीतली पातळी हवेच्या तोंडाच्या काठापर्यंत चढायची आणि पाणी ब्लोअरमध्ये उतरायचं. साध्या भुरभुरीत काही व्हायचं नाही. कोरड्या रात्रीनंतरही काच ओली असायची ती फोममधल्या साठ्यामुळं, आणि सरीच्या रात्रीनंतर साठा पुन्हा भरायचा. सुरुवातीला मला कसलीच संगती लागत नव्हती ती यामुळं. दोन वेगवेगळी घड्याळं चालू होती, एक पावसाचं आणि एक फोमचं.

गळती बंद करणं अर्ध्या दुपारचं काम. गाडी वाळवणं हेच खरं काम निघालं. कार्पेट जागेवर ठेवून फोम वाळत नाही. वरनं कितीही ऊन दाखवा, खालचं पाणी तिथंच. पुढची डावी सीट काढावी लागली. सीटखाली पिवळ्या रंगाचे कनेक्टर असतात, ते एअरबॅगच्या यंत्रणेचे. ते सोडवण्याआधी बॅटरीचा निगेटिव्ह काढून थोडा वेळ थांबायचं, आणि तोपर्यंत चावी फिरवायची नाही, नाहीतर डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागून बसतो. हे घरी करण्यासारखं काम नव्हे, मिस्त्रींवरच सोडलं. फरशीच्या पत्र्याला रबरी बुचं असतात. त्यातलं डावीकडचं खालून ढकलून काढलं तेव्हा चांगलं तांब्याभर पाणी गेलं. फोम पिळून काढला, टेबल फॅन लावला, दारं उघडी ठेवली. ऑगस्टमध्ये साताऱ्यात ऊन मागून मिळत नाही, त्यामुळं हे प्रकरण लांबलं आणि तोवर मी रिक्षानं बँकेत गेले. पत्र्याच्या जोडाला गंजाची सुरुवात झालेली होती. तारेच्या ब्रशनं घासून प्रायमर मारला. वायरींच्या एका जोडावर हिरवट थर धरला होता, तो साफ केला. आणखी एक पावसाळा गेला असता तर काचेऐवजी सेंट्रल लॉक नाहीतर पॉवर विंडो रुसली असती, आणि मग इलेक्ट्रिशियनकडं खेपा.

मॅटिंग परत मारलं नाही. त्यानं पाणी आणलं नव्हतं हे खरं, पण लपवलं होतं, आणि वाळूही देत नव्हतं. आता साध्या काढत्या रबरी मॅट आहेत.

एसी फिल्टर नवा घातला. सीटबेल्टच्या मागच्या बाजूला पांढरी बुरशी धरली होती ती कोमट साबणाच्या पाण्यानं पुसली आणि पट्टा पूर्ण ओढून, चिमटा लावून वाळवला. वास जायला सर्वांत जास्त वेळ लागला. नंतरच्या एका उघडिपीला मीटरनं मोजलं, तर आमचा आणि शेजारच्या काकांच्या गाडीचा आकडा जवळजवळ सारखा. बाहेरच्या हवेचं बटणही आता शहाण्यासारखं वागतं. घाटात एसी चालू, तापमानाचा नॉब निळ्याकडनं जरा मधे, हवा बाहेरची, झोत काचेवर: एसी हवेतलं पाणी काढतो, हीटर काच थोडी उबदार ठेवतो, आणि जाड धुक्यातही आतली बाजू लख्ख राहते.

गाडी लावायची जागा बदलली, पण गंमत अशी की हिवाळ्यात थोडं दव पुन्हा दिसायला लागलं. उघड्यावर, स्वच्छ आभाळाखाली रात्रभर उभी राहिलेली काच आभाळाकडं उष्णता सोडत जाते आणि आजूबाजूच्या हवेपेक्षाही गार होते. झाडाखाली तसं होत नाही. म्हणजे ज्या गुलमोहरानं पाणी आत आणलं, तोच काच उबदारही ठेवत होता. पण हे दव पातळ असतं, दारं उघडून दोन मिनिटं थांबलं की जातं आणि कार्पेटखालचा कागद कोरडा राहतो. त्याच्या मागं लागायचं कारण नाही. पावसाळ्याच्या तोंडाला मात्र मी वायपरखालच्या जाळीवर बादलीभर पाणी ओतते आणि दोन्ही चाकांमागं धार पडते का बघते.

शेजारच्या काकांनी मधे गाडी बदलली. नव्या गाडीला सनरूफ आहे. सनरूफच्या चौकटीत पाणी येतंच, ते चार कोपऱ्यांतल्या बारीक नळ्यांमधनं खांबांच्या आतून खाली जातं. त्यांची गाडी आता आमच्या जुन्या जागी, गुलमोहराखाली उभी असते. परवा सहज आत डोकावले, तर डाव्या खांबाजवळ छताच्या कापडावर पिवळट डाग दिसला. "अहो, चहा सांडला असेल नातवानं," काका म्हणाले. छतावर चहा कसा सांडेल, हे मी विचारलं नाही. मीटर तेवढं त्यांच्या हातात दिलं.